तिसरी हाक

एक होता राजा. त्याला पाण्याचा भारी नाद. डोंगरावर तळं आणि पायथ्याशी गाव. राजानं मधे कालवा खणला आणि त्या कालव्याला पाण्याचा जिना केला. पाण्याचा जिना कसा असेल? तर एकाच्या वर एक, अशा तीन दगडी खोल्या. होडी खोलीत शिरली की मागचं दार लावायचं आणि वरून पाणी सोडायचं. पाणी चढेल तशी होडी चढायची. मग पुढचं दार उघडायचं, की होडी वरच्या खोलीत. राजा गेला, जिना राहिला.

पण त्या पाण्यात एक हाकमारी होती, बरं का. ती कुणाच्याही आवाजात हाक मारी. एकदा मारी, दोनदा मारी. तिसऱ्या हाकेला मात्र तिचा दम पुरत नसे. म्हणून होडीवाली माणसं एकमेकांना तीनदा हाक मारत, आणि तिसऱ्या हाकेलाच ओ देत.

गावात येसू नावाची होडीवाल्याची लेक होती. तिची धाकटी बहीण गोजरी फार उतावळी. एकदा गोजरी घाटावर सागरगोटे खेळत होती. पाण्यातून आईचा आवाज आला, "गोजरे, खरवस झालाय गं!"

"ओ, आले!" म्हणाली गोजरी.

झालं! घाटावर नुसते सागरगोटे राहिले.

आईनं अंथरूण धरलं. मग येसू गेली भिवाआजोबांकडे. जिन्याची दारं तेच उघडायचे. आजोबा म्हणाले, "हाकमारी पोरांना वरच्या तळ्यात कमळाच्या पानांखाली ठेवते. आपल्या माणसानं तिथं जाऊन हाक मारायची. तिसऱ्या हाकेला ओ आली, तर पोर सुटलं. आधी आली, तर कायमचं तिचं. आणि तुझी गोजरी तर हाक पुरी व्हायच्या आत ओ देते गं!"

"म्हणून काय घरात बसू?" येसू म्हणाली, आणि तिनं होडी सोडली.

पहिल्या खोलीत होडी शिरली. मागचं दार धाडकन लागलं. भोवती शेवाळलेल्या उंच भिंती, वर आभाळाचा एवढासा तुकडा. पाणी गुरगुरत चढू लागलं. तेवढ्यात आईचा आवाज आला, "येसू, माघारी ये गं!" मग पुन्हा एकदा. येसूनं ओठ दाताखाली धरले. तिसरी हाक आलीच नाही.

मग दुसरी खोली. तिथं भिवाआजोबा ओरडले, "येसू! होडी बुडतेय, उडी टाक!" दोनदा ओरडले. येसूनं वर पाहिलं. आजोबा काठावर उभे, तोंड मिटलेलं, हात दाराच्या चाकावर.

मग तिसरी खोली. तिथं कुणीच हाक मारली नाही. पाणी चढत राहिलं, गुपचूप. येसूला त्याचीच जास्त भीती वाटली. हाकमारी इथं नाही, तर ती गेली कुठं? गोजरीच्या कानाशी तर नाही?

शेवटचं दार उघडलं. तळ्यावर धुकं. कमळाची पानं परातीएवढी, आणि प्रत्येक पानाखाली काहीतरी हलत होतं.

येसूनं हाक मारली, "गोजरेऽ!" आणि डोळे गच्च मिटले. आता ही वेडी ओ देणार! पण ओ आली नाही.

"गोजरेऽऽ!"

काही नाही. पानंसुद्धा हलायची थांबली. आपली गोजरी, आणि दोन हाकांना गप्प? पोर जिवंत तरी आहे ना? तिसरी हाक मारायला ती धजेना. ही हाक गेली, की मग हाकच उरली नाही. येसूनं होडीची कड धरली, तोंड पाण्याजवळ नेलं, आणि रडत रडत म्हणाली, "गोजरे..."

पान उचललं गेलं.

"ओ, ताई!" गोजरी म्हणाली. थंडीनं तिचे दात वाजत होते. "किती वेळ तोंड दाबून बसले होते मी!"

खाली तळाशी हाकमारी कण्हली. येसूनं गोजरीला होडीत ओढलं, आणि होडी तीन खोल्या उतरून घाटाला लागली. आई अंथरुणातून उठली. खरा खरवस झाला. सगळी सुखानं नांदली.

आता तुम्ही डोळे मिटा. मी हाक मारते हं. पोरांनो... पोरांनो... पोरांनो...

कुणीच ओ देत नाही? बरं झालं. निजली वाटतं.