सुताराची सकाळची फेरी

फार जुनी गोष्ट. एका रानात सुतारपक्षी आणि तांबटपक्षी, दोघांचाही झाडांत ढोल्या कोरून देण्याचा धंदा होता. तांबट उजाडल्यापासून एका जागी बसून टुकटुक करी. सुतार मात्र रोज सकाळी टेकडीभोवती उडून आल्याशिवाय कामाला चोच लावत नसे. "धंद्याचा मालकच उंडारतोय!" म्हणून सारं रान हसे. सुताराला संताप येई, पण फेरी चुकत नसे.

पोपटीण अंडी घालायला आली, तेव्हा पोपटाने ढोलीचं काम कष्टाळू तांबटाला दिलं. चौथ्या दिवशी तांबटाची मान आखडली आणि ढोली अर्धीच राहिली. पोपट भल्या पहाटे सुताराकडे धावला.

"सुतारदादा, आत्ताच्या आत्ता चला!"

"आधी फेरी."

"माझी बायको अवघडून बसलीय आणि तुम्हाला फिरायचं सुचतंय?"

"आखडलेल्या मानेने लाकूड फुटत नाही. थांबायचं तर थांब."

सुतार उडून आला आणि दिवस मावळायच्या आत त्याने ढोली पुरी केली. पोपटीण आत शिरली.

पोपट हरखला. "काय चोच चालते तुमची! ती फेरी बंद करा, दिवसाला दोन ढोल्या होतील."

"फेरीशिवाय किती होतात, ते तांबटाला विचार," सुतार म्हणाला. "आणि उद्या सकाळी हाका मारू नकोस. मी जागेवर नसेन."