अंगठ्याएवढी माती

“म्हणजे मी मातीचा तो पट्टा कापू नये, असं तुमचं म्हणणं आहे?” मिहिरने विचारलं.

“मी तसं म्हटलेलं नाही,” वेर्णेकरबाई म्हणाल्या.

दोघं किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेच्या शीतखोलीत उभे होते. बाहेर एप्रिलची दुपार तापली होती. आत बाईंनी शाल घट्ट ओढून घेतली.

त्यांच्यापुढे अरबी समुद्राच्या तळातून काढलेला गाळ होता. पुरुषभर लांबीची नळी, उभी चिरून दोन भाग केलेली. जितकं खाली, तितकं जुनं. एक भाग अभ्यासाला, दुसरा राखून ठेवलेला. ऐन तारुण्यात बाईंनीच तो जहाजावरून आणला होता. निवृत्त झाल्या तरी राखलेल्या भागाला त्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नसे.

त्या गाळात खसखशीहून बारीक कवचं असतात. पावसाळी वारा जोरात वाहिला, समुद्र घुसळून निघाला, की त्यातल्या एका जातीचे जीव माजतात. वारा पडला की ते कमी होतात. मिहिर आजगावकरने सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून ती कवचं मोजली होती. एका जागी, अंगठ्याएवढ्या जाडीत, ती जवळजवळ नाहीशी झाली होती.

अंगठ्याएवढी माती म्हणजे चार-पाच पिढ्या.

इतक्या पिढ्या पाऊस रुसला होता, असं मिहिरने लिहिलं. वर्तमानपत्रांनी ते छापलं. मग सरकारी समितीचं बोलावणं आलं. कुंभवली नदीवरच्या धरणाची उंची वाढवायची की नाही, हे ठरायचं होतं. वाढवली तर वरची तीन गावं पाण्याखाली जाणार होती. न वाढवली आणि पाऊस पुन्हा तसाच रुसला, तर खालचं शहर तहानेनं उठणार होतं.

बैठक आठवड्यावर आली होती. आणि परवाच दुसऱ्या तपासणीचा निकाल हाती पडला होता. नद्यांचं गोडं पाणी समुद्रात किती आलं, याचा माग कवचांच्या घटकांवरून लागतो. त्या मागात पाणी कमी झालेलं दिसतच नव्हतं.

“वारा पडला, पण पाऊस पडतच राहिला, असं असेल,” मिहिर म्हणाला. “किंवा माझं मोजणं चुकलं असेल. किंवा घटकांची तपासणी चुकली असेल. माझ्या भागातली तेवढी माती संपली, बाई. आता फक्त हीच उरली आहे. घास उतरत नाही मला.”

बाईंनी राखलेल्या भागावरचा प्लास्टिकचा कागद काढला. तासणीची पातळ सुरी त्याच्या हातात दिली.

“काप.”

मिहिरने पातं मातीला टेकवलं.

“दोन्ही निकाल जुळले तर काय करशील?” बाईंनी विचारलं.

“सुटलो म्हणेन. थांबेन.”

“आणि नाही जुळले तर?”

“पुन्हा मोजेन.”

“कशात?”

मिहिरने सुरी उचलली, पण खाली ठेवली नाही.

“तुम्ही इतकी वर्षं हा भाग का नाही कापलात?”

“मला उत्तर फार हवं होतं म्हणून. हवं तेच दिसलं असतं.”

“मग समितीपुढे मी काय सांगू?” त्याचा आवाज चढला. “ते विचारतील, असा पाऊस पुन्हा जाईल का. तिथे मंत्री असतील, त्या तीन गावांची माणसं असतील. माहीत नाही म्हणू?”

“कधी म्हणाला आहेस?”

“काय?”

“माहीत नाही, असं.”

मिहिरने आठवून पाहिलं. शाळेत नाही. परीक्षेत नाही. घरीसुद्धा नाही.

“आत्ता म्हण.”

“…माहीत नाही,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याला दरदरून घाम फुटला. त्या गारठ्यात.

बाईंनी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली आणि राखलेल्या भागावर कागद पुन्हा ओढला.

समितीपुढे मिहिरने दोन्ही निकाल ठेवले. कोणता खरा, ते आज सांगता येत नाही, म्हणाला. एका अधिकाऱ्याने विचारलं, मग तुम्हाला बोलावलं कशाला? मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. उंचीचा निर्णय लांबणीवर पडला. गावं राहिली. शास्त्रज्ञालाच ठाऊक नाही, असा मथळा दुसऱ्या दिवशी आला.

त्या वर्षी जून सरत आला तरी आभाळ कोरडं होतं. खालच्या शहरात टँकरमागे माणसं भांडू लागली. कुंभवलीचं पात्र उघडं पडलं. मिहिर रोज उठून आधी खिडकीशी जाई, मग वेधशाळेचा अंदाज वाची, मग पुन्हा खिडकीशी.

एका सकाळी तो बाईंच्या घरी गेला. त्या ओसरीवर आमसुलं निवडत होत्या.

“उंची वाढवा, असं ठामपणे सांगायला हवं होतं का मी?”

बाई निवडत राहिल्या.

“की तेव्हाही हेच झालं असतं? उंची वाढवून का पाऊस येतो?”

बाईंनी एक आमसूल बाजूला काढलं.

“निदान एवढं सांगा, तुम्हाला काय वाटतं? येईल?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

मिहिर पायरीवर बसला.

“बाई… मला भीती वाटते.”

“किती?”

मिहिरने मान हलवली. “मोजता येत नाही.”

“मग ती खरी असेल. चुकतं ते मोजलेलं.”