सुंद्राईचे मिटलेले डोळे

तांबट आळीच्या चौकात भिंतीला टेकून बसलेली ती तांब्याची बाई म्हणजे सुंद्राई. नवा माणूस देवी समजून हात जोडतो आणि मग चक्रावतो. देवीचे डोळे कसे टपोरे, चांदीचे, आल्यागेल्यावर लक्ष ठेवणारे असतात. हिचे मिटलेले, मान खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडे. कारागिराला जमले नाही की काय, असे विचारणारे शहाणेही भेटतात. आळीतली म्हातारी माणसे त्यांना आधी आवाज खाली आणायला सांगतात, आणि मग ही गोष्ट सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा आळीत घरोघरी भट्टी होती आणि उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हातोड्यांचा आवाज थांबत नसे. घागरी, हंडे, बंब, काय वाटेल ते. पत्रा ठोकायचा आणि ठोकतच राहायचा. तांबटाला त्याचे काही वाटत नाही. त्याचे पोर पाळण्यात असल्यापासून त्या ठोक्यांवरच झोपते, आणि म्हातारपणी अर्धी आळी बहिरी होते ती गोष्ट वेगळी. सुंद्राई मात्र तांबटांतली नव्हती. ती सुईण, नवऱ्यामागे कुठल्याशा खेड्यातून आलेली, आणि तो गेल्यावर इथेच राहिलेली. आळीतले एकूण एक मूल तिच्या हातावर जन्मले, असे सांगतात. कळा यायच्या त्या बहुधा रात्रीच. तिची रात्र कुणाच्या तरी माजघरात जायची, आणि दिवसा अंग टाकावे तर चहूकडून ठणठण. तिने कधी तक्रार केली नाही. केली असती तरी ऐकू कोणाला आली असती म्हणा.

तिच्या खोलीला लागून नारोबा तांबटाचा कारखाना होता. नारोबाची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. शेळीच्या दुधावर त्याला जगवले ते सुंद्राईने. तो तिला आईच म्हणायचा. आळीत त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता, आणि सुंद्राईवर त्याच्याइतका जीवही कोणाचा नव्हता. म्हणून तर पुढे जे झाले ते त्याला जन्मभर सलत राहिले.

एका बाळंतिणीच्या उंबऱ्यात सुंद्राई भोवळ येऊन पडली, ती अंथरुणालाच खिळली. वैद्याने नाडी पाहिली. रोग काही नाही, बाई थकली आहे, एवढेच तो म्हणाला. आळी हळहळली. हिच्यासाठी काहीतरी केले पाहिजे असे सगळ्यांना वाटले, आणि तांबटांना करता येते ते एकच. तिचा पुतळा घडवायचा ठरले. घरोघरून तांबे आले, डोळ्यांसाठी चांदी आली. जिवंतपणी पुतळा करू नये, असे एकदोघे कुरकुरले, पण तिने तो पाहायला हवा असा नारोबाचा हट्ट. मग घाई आली. तिच्या उशाच्या भिंतीपलीकडे, नारोबाच्या कारखान्यात, चांगले चांगले कारागीर एकदम ठोकायला बसले. आळीत इतका आवाज पूर्वी कधी झाला नव्हता म्हणे.

नारोबा तिला सकाळी पेज भरवायला जायचा. एकदा ती म्हणाली, "नारू, हे जरा थांबव की रे. डोळा लागू दे."

"अगं आई, तुझ्यासाठीच तर चाललंय," नारोबा हसून म्हणाला.

तिने नुसती मान हलवली. तिला संकोच वाटत असेल, असे त्याने धरले.

पुतळा घडून झाला. फक्त डोळे बसवायचे राहिले. त्या दुपारी सगळे जेवायला घरी गेले आणि नारोबा तिला पुतळा दाखवायला आणावे म्हणून तिच्या खोलीत गेला. ती झोपली होती. मान कललेली, तोंड किंचित उघडे. आई झोपलेली आपण आजवर पाहिलीच नाही, हे त्याला तेव्हा कळले. तो तसाच दाराशी बसला.

तेवढ्यात कोणीतरी लवकर जेवून परतला आणि पलीकडे पहिला ठोका पडला. सुंद्राई दचकून उठली. डोळे नीट उघडले नव्हते तोच तिचा हात उशाची बाळंतपणाची पिशवी चाचपू लागला.

"कुणाच्या घरी अडलंय?" तिने विचारले.

नारोबाने ती पिशवी हळूच बाजूला सरकवली. मग तो म्हणाला, "कुणाच्या नाही गं. झालं सगळं."

"सुटली?"

"सुटली गं आई. झोप तू."

ती आडवी झाली. नारोबा बाहेर आला, त्या माणसाच्या हातातला हातोडा काढून घेतला, आणि हात जोडत दारोदार फिरला. हळूहळू सगळी आळी गप्प झाली. रोजचा आवाज थांबला तशी माणसे घाबरून दारात येऊन उभी राहिली, असे सांगतात. सुंद्राई ती दुपार झोपली, संध्याकाळ झोपली, आणि पुन्हा उठली नाही.

तेराव्यानंतर लोक चांदीचे डोळे घेऊन आले. नारोबाने ते लावू दिले नाहीत. पुतळ्याचे डोके मानेपासून सोडवून त्याने खांद्यावर घेतले आणि वेशीबाहेर नदीकाठी नेले. तिथे बसून त्याने पापण्या ठोकल्या, ओठ किंचित उघडे केले, आणि डोके खांद्यावर कलते बसेल अशी मानेची कड वळवली. मेलेल्या माणसाला काय ऐकू येतंय, असे त्याचा थोरला भाऊ म्हणाला.

"ऐकू येत होतं तेव्हा तरी कुठं थांबलो आपण," नारोबा म्हणाला.

आजही आळीत जे थोडे कारखाने उरले आहेत ते दुपारी हातोडा खाली ठेवतात. वरात चौकाशी आली की बँड गप्प होतो, आणि नवरदेवाचे मित्र कितीही नाचरे असले तरी चालतच पुढे जातात. बाहेरचे कोणी नारळ घेऊन सुनेसाठी नवस बोलायला आले, तर त्याला नदीपलीकडच्या देवीची वाट दाखवतात. सुंद्राईकडे काही मागायचे नसते. आळीतही कोणाच्या घरी कळा सुरू झाल्या तर त्या घरचे माणूस चौकातून न जाता मागच्या बोळाने दवाखाना गाठते. बाळबाळंतीण सुखरूप असल्याचे कळले, की मगच घरातले कोणीतरी अनवाणी पुतळ्यापाशी येते, वाकते आणि हलक्या आवाजात सांगते, "सुटली गं आई. झोप तू."