रंग बघायला या

दादाचा हात इतका सफाईदार, मग त्याने बसवलेला बाईंचा दात वेगळा का दिसतो? हा प्रश्न धाकट्या भावाने घरात विचारला, दादाच्या मित्रांना विचारला, तेराव्याला जेवायला बसलेल्या पाहुण्यांनाही विचारला. कोणी आमटीच्या वाटीकडे पाहिले, कोणी विषय बदलला.

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध दंतवैद्य होते. दादा त्यांचाच शिष्य. शिकून त्यांच्याच दवाखान्यात बसू लागला आणि तीन दिवसांच्या तापाने गेला. मागे राहिली ती शाळेतल्या बाईंच्या पुढच्या दातावरची कॅप. शेजारचे दात पिवळसर, ही राखाडी. बाई तोंडावर पदर धरून कविता शिकवू लागल्या, आणि गावात दादाचे नाव निघाले की लगेच त्या दाताची गोष्ट निघे.

धाकटा सातवीतून शाळा सोडलेला, तापट. वृद्धांनी त्याला प्लास्टरचे साचे ओतायला ठेवून घेतले. तिथली एक गोष्ट त्याला खटकत असे. दाताचा रंग ठरवायचा असला, की वृद्ध पेशंटला खिडकीपाशी बसवत, कपडे भडक असले तर त्यांवर राखाडी टॉवेल पांघरत, आणि समोरच्या मॅचिंग सेंटरमधल्या शकुमावशींना हाक मारत. ब्लाउजपिसे जुळवण्यात आयुष्य गेलेल्या मावशी येत, रंगछटांच्या पट्टीतले नमुने दाताशेजारी धरून पाहत, एकावर बोट ठेवत आणि निघून जात. वृद्ध तोच क्रमांक लिहीत.

एकदा एक व्यापारी खुर्चीत बसल्याबसल्या हसला. "डॉक्टर, दात बसवताय की साडीला फॉल लावताय?"

मावशी गेल्या आणि धाकट्याचा तोल सुटला. "सर, लोक हसतात आपल्याला! तुम्हाला स्वतःला दिसत नाही का?"

"नाही," वृद्ध म्हणाले.

व्यापाऱ्याचे हसू थांबले.

"दात उजळ किती, काळपट किती, ते मला नीट कळतं," वृद्ध शांतपणे सांगू लागले. "पण त्यात झाक पिवळी की लालसर, की राखाडी, तिथे माझे डोळे संपतात. जन्मापासून. तुझा दादाही तसाच होता. मी पहिल्याच महिन्यात ओळखलं. म्हटलं, विचारत जा. तो म्हणाला, सर, पेशंटसमोर कसं विचारू? आणि कोणाला सांगणार नाही, असा माझ्याकडून शब्द घेतला. मी तो पाळला. माझंही चुकलंच. न दिसणं हा दोष नाही, बाळ. जे दिसत नाही ते एकट्याने ठरवायला गेलं, की दोष सुरू होतो."

धाकटा आतल्या खोलीत जाऊन फळीवरच्या साच्यांसमोर उभा राहिला. त्यातल्या एकावर दादाच्या अक्षरात 'बाई' असे लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. तास संपेपर्यंत व्हरांड्यात थांबला.

"बाई, दादाला रंग नीट दिसत नव्हते. त्याने सांगायला हवं होतं. म्हणून मी सांगतो."

"एवढंच होतं?" बाई म्हणाल्या. "अरे, मी काय खाणार होते त्याला?" बोलताना तोंडावरचा पदर खाली आल्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई खिडकीपाशी येऊन बसल्या. वृद्धांनी फळीवरून दादाचा साचा काढला, उजेडात फिरवून पाहिला. "आकार यावरूनच घेऊ. यात तसूभर चूक नाही."

धाकट्याने बाईंच्या साडीवर राखाडी टॉवेल पांघरला. मग कोणी सांगायची वाट न पाहता दारात गेला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "शकुमावशी, दादाच्या पेशंट आल्यात. रंग बघायला या!"