सारजाईचं पेव

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका. आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती.

तेव्हा सावरठाणात घरातली कणगी नावापुरती असे. गावाचं खरं धान्य जमिनीच्या पोटात, पेवात. पेव म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा, तोंड एका माणसापुरतं, त्यावर शिळा. ज्वारी भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं दाण्याला कीड शिवत नसे.

पण पेव उघडणं म्हणजे जिवाशी गाठ. आत कोंडलेली हवा विखारी असते. शिळा काढली की पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरानं दिवा सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही. हे काम गावात एकटी सारजा करी. तिचा नवरा याच कामात गेला होता, म्हणून ती नियमाची फार पक्की. घाई करणाऱ्याला ती सरळ सांगे, "लई भूक लागली आसंल तर माती खा. दिवा खाली जळत ऱ्हायल्याबिगर कुनी उतरायचं न्हाई."

त्या वर्षी नदीपलीकडे दोन फौजा भिडल्या. कोण कुणाशी लढलं, कोण जिंकलं, ते आज कुणालाच सांगता येत नाही. गावाला आठवतं ते एवढंच, की एका सकाळी घाटावरून माणसं उतरू लागली. त्यांची गावं जळाली होती. एका बाईनं डोक्यावरून जात्याची तळी आणली होती, आणि दळायला तिच्याकडे दाणा नव्हता.

गावानं होतं ते दिलं. दोन दिवसांत कणग्या खरवडून झाल्या. तिसऱ्या दिवशी हैबती पाटलानं हात जोडले. "पेवात बी-बियाणं हाय. ते काढलं तर म्होरल्या साली आपुनच रस्त्याला लागू." पाटील वाईट नव्हता. भ्यालेला होता, आणि भ्यालेल्या माणसाचं बोलणं नेहमी शहाणपणाचंच वाटतं.

सारजा म्हणाली, "पाटील, म्होरलं साल बगायला ही मानसं तर ऱ्हायला पायजेत." तिनं पहार घातली आणि शिळा सरकवली.

आता दिवसभर थांबायचं होतं. पण पारावर सकाळपासून रडणारं एक तान्हं मूल रडायचं थांबलं. सारजानं दिवा सोडला. तो विझला. तिनं तो विझलेला दिवा वर ओढून बाजूला ठेवला. मग जे तिनं जन्मभर कुणाला करू दिलं नाही, ते स्वतः केलं. पदर भिजवून नाकाला बांधला आणि दोर धरला. "मी टोपली भरते, तुमी वडा. समदी जेवली की सांगा, मंग वर येते."

असं म्हणतात, पहिली टोपली ओढताना माणसं सारखी खाली हाक मारत होती. पण दुसरी आली, दहावी आली. दिवस डोक्यावर आला, कलला, तरी टोपल्या येतच राहिल्या. असं म्हणतात, एवढी ज्वारी त्या पेवात कधी कुणी भरलीच नव्हती. कण्या शिजल्या, ते तान्हं मूल पेज प्यालं, म्हातारी माणसं जेवता जेवता रडली.

तेव्हा पाटील पेवाच्या तोंडाशी आला. एव्हाना त्याला फक्त सारजाची काळजी होती. "सारजे, समदी जेवली. ये वर."

दोर हलला. सारजाचं डोकं वर आलं, कोपरं काठावर टेकली. तिथून तिला वेशीबाहेरचं लिंबाचं झाड दिसलं, आणि त्याखाली बसलेली माणसं.

"ती कोन?"

"ती त्या बाजूची," पाटील म्हणाला. "त्यांच्याच फौजेनं घाटावरची गावं जाळली."

"त्यांची घरं हायेत का मागं?"

त्यांचीही घरं दुसऱ्या फौजेनं जाळली होती, आणि ते पाटलाला ठाऊक होतं.

"मंग समदी जेवली म्हून का सांगितलं, दादा?" सारजा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फार थकली होती. ती पुन्हा खाली उतरली.

लिंबाखालच्या माणसांपुरत्या टोपल्या वर आल्या. पाटलानं त्या स्वतः डोक्यावरून नेल्या, कण्या शिजल्यावर स्वतः वाढलं. धावत परत येऊन त्यानं हाक मारली, पण खालून ओ आली नाही. दिवा सोडला, तर तो लख्ख जळत खाली गेला. पाटील उतरला. पेव झाडल्यासारखं स्वच्छ होतं, आणि सारजा कुठंच नव्हती. असं म्हणतात, धरणीनं तिला आपल्यात घेतलं. पाटील काठावर बसून ओक्साबोक्शी रडला.

आज सावरठाणात पेवं उरलेली नाहीत; धान्य पत्र्याच्या कोठीत असतं. पण ते एक उघडं ठेवलं आहे. ज्वारी घरी आली की तिथं गावजेवण होतं. आलेल्याला, त्याच्या ताटातलं संपेपर्यंत, गाव कोणतं हे विचारायचं नाही. पाटलाच्या घरातला थोरला माणूस आधी वेशीबाहेर जाऊन येतो. पारध्यांच्या पालांतली माणसं, रस्त्यावर थांबलेला ट्रकवाला, कुणालाही तो हाताला धरून आणतो. सगळ्यांचं झालं की तो पेवात वाकून म्हणतो, "सारजाई, आज इथं आलेली समदी जेवली."

एवढं म्हणून तो थांबतो. घरोघर टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या मुलखातली माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेली आम्ही बघत असतो. म्हणून "ये वर" हे दोन शब्द अजून कुणीही उच्चारलेले नाहीत.