लाल कार्ड

"पण वाक्य चुकलं होतं का तिचं?" शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत गोविलकर गुरुजींनी विचारलं.

उद्धवने शिडी घट्ट धरली. दोन पदव्या घेतलेला, पाचवीला इंग्रजी शिकवणारा माणूस तो. सल्ला विचारायला आला, तर गुरुजींनी आल्या आल्या त्याला कौलं शाकारायच्या कामाला जुंपलं. डोकं आधीच उठलेलं.

"चूक-बरोबरचा प्रश्नच नाही, गुरुजी! नामांना लाल कार्डं, क्रियापदांना निळी. प्रत्येकाच्या गळ्यात एक शब्द. महिनाभर घोटून घेतलं. साहेब तपासणीला आले, मुलं वाक्यात उभी राहायला लागली, आणि ही तुळसा! गळ्यात 'वॉटर'चं लाल कार्ड, आणि सरळ निळ्याच्या जागी जाऊन उभी!"

"वाक्य काय झालं?"

"आय वॉटर द प्लांट्स."

"शाळेच्या झाडांना पाणी कोण घालतं?"

"तीच घालते. त्याचा इथे काय संबंध?"

गुरुजींनी शिडी हलवून पाहिली. ती डुगडुगली.

"मला ठाऊक आहे हो, 'वॉटर' क्रियापदही होतं. पण ते पुढच्या इयत्तेत आहे! आत्ता सांगितलं तर सगळा गोंधळ. म्हणून दंडाला धरून जागेवर आणली तिला. वर्ग हसला. आज चार दिवस पोरगी शाळेत नाही. घरी गेलो, तर दाराआडून म्हणते, 'मला नाही येत इंग्रजी.' म्हणजे वाईट कोण? मीच!"

चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

"कार्ड आहे का जवळ?"

उद्धवने खिशातून काढून दिलं. जाड पुठ्ठा, वर सुबक अक्षर. सबंध रविवार घालवला होता त्याने त्या कार्डांवर.

गुरुजींनी ते उलटसुलट पाहिलं. मग त्याची चौघडी केली आणि खाली वाकून शिडीच्या डुगडुगत्या पायाखाली सारली.

"अहो गुरुजी! कार्ड आहे ते!"

गुरुजी तोवर वर पोचले होते. त्यांनी फुटकं कौल काढलं, नवं बसवलं, मग दुसरं काढलं. उद्धव खाली चरफडत उभा. एवढ्या लांबून आलो, उपाय राहिला बाजूला, कार्डाचीही वाट लागली.

"हात सोड."

त्याने भीत भीत सोडले. शिडी जागची हलली नाही.

"आणि माझं कार्ड?"

"ते लागलं कामाला..." गुरुजींनी पुढच्या कौलाला हात घातला. "चार दिवस झाडांना पाणी कोणी घातलं, उद्धवा?"