शहरात गेलेला चरक

अवजारं एकमेकांशी बोलत, त्या काळी उसाच्या फडाशेजारी एक चरक आणि एक काहील राहत. चरक रस काढी, काहील त्याचा गूळ करी.

"गिऱ्हाईक शहरात, मग आपण इथं कशाला?" म्हणत चरक निघाला.

"रसावाचून मला गंज खाईल रे," काहील म्हणाली. तो थांबला नाही.

शहरात ऊस चौथ्या दिवशी पोचे, तोही वाळलेला. चरक नुसता करकरे, रस थेंबभर निघे. महिन्याभरात तो बैलगाडीतून परतला.

"काय दादा, भेटलं का गिऱ्हाईक?" काहिलीनं चिडवलं.

"भेटलं गं. पण ऊस जड, गूळ हलका. त्यालाच जाऊ दे शहरात."

"मग ओत रस!"

चूल पेटली. काहिलीनं सुटकेचा श्वास सोडला, त्याला गुळाचा वास होता.